जुन्या सर्व्हरवर नवा नोड चालत नाही, तेव्हा

प्रश्न : संकेतस्थळे तयार करण्याच्या कामासाठी आम्ही सेंटओएस ७ ही लिनक्स प्रणाली असलेला एक डेव्हलपमेंट सर्व्हर गेली बरीच वर्षे वापरत आहोत. एका नव्या प्रकल्पासाठी त्यावर सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडजेएसची १८वी आवृत्ती टाकली, परंतु ‘जीलिबसी २.२८ सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश देऊन ती सुरूच होत नाही. सर्व्हरवर जीलिबसी, म्हणजे प्रोग्रामांना लागणारी लिनक्सची मूळ लायब्ररी, २.१७ आवृत्तीची आहे. नवी जीलिबसी सोर्सवरून कंपाइल करून जुनीच्या जागी बसवावी, असे एक सहकारी सुचवतात. शिवाय ग्राहकाने करून घेतलेल्या सुरक्षा तपासणीत एन्क्रिप्शनसाठीची आमची ओपनएसएसएल १.०.२ ही लायब्ररी कालबाह्य ठरली आहे. दोन्ही लायब्रऱ्या हाताने बदलाव्यात का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जीलिबसी हाताने बदलू नये. ओपनएसएसएलचे उत्तर थोडे वेगळे आहे, पण तेही शेवटी याच निर्णयाशी येऊन मिळते.

जीलिबसी ही नोडसाठी आणून ठेवलेली लायब्ररी नव्हे. सर्व्हरवरील जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम, म्हणजे फाइलींची यादी दाखवणारी ‘एलएस’ ही साधी आज्ञा, आज्ञा स्वीकारणारे बॅश, दुरून प्रवेश देणारे एसएसएच आणि पॅकेजे बसवणारे यमसुद्धा, सुरू होताना तिच्यावरच विसंबून असतो. तिच्यातील फंक्शनांवर आवृत्तीची खूण असते. त्यामुळे जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्राम नव्या जीलिबसीवर सहसा चालतो, मात्र नवीवर बांधलेला प्रोग्राम जुनीवर आपल्याला हवी ती खूण न सापडल्याने थांबतो. तुम्हाला दिसलेला संदेश नेमका हाच आहे. आता नवी लायब्ररी जुनीच्या जागी ठेवताना लोडर (प्रोग्राम सुरू होताना त्याला लायब्ररी जोडून देणारा भाग) आणि लायब्ररी यांचा मेळ क्षणभर जरी चुकला, तरी पुढची कोणतीही आज्ञा चालत नाही, चूक दुरुस्त करण्यासाठी लागणारी आज्ञाही नाही, आणि नवे एसएसएच सत्रही उघडत नाही. मग रेस्क्यू डिस्कवरून सर्व्हर सुरू करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. जीलिबसी २.१७ डिसेंबर २०१२ची आणि २.२८ ऑगस्ट २०१८ची. मधली जवळपास सहा वर्षे एका फाइलीच्या अदलाबदलीने भरून काढता येत नाहीत.

ओपनएसएसएलच्या बाबतीत तपासणी करणाऱ्या साधनाने बहुधा केवळ आवृत्तीचा क्रमांक वाचला असावा. रेड हॅट ही लिनक्स कंपनी आणि तिच्या मागोमाग सेंटओएस यांची रीत अशी, की क्रमांक तोच ठेवून सुरक्षेची दुरुस्ती जुन्या आवृत्तीतच मागे आणून बसवायची; याला बॅकपोर्टिंग म्हणतात. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड हा दोष उघड झाला, तेव्हा मूळ प्रकल्पाने १.०.१जी ही नवी आवृत्ती काढली, पण सेंटओएस ६वर दुरुस्त झालेले पॅकेजही १.०.१ई याच नावाने राहिले आणि केवळ त्यापुढचा पॅकेज-क्रमांक बदलला. म्हणून अहवाल हाती आल्यावर पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) उघडून त्यात संबंधित सीव्हीई क्रमांक, म्हणजे त्या दोषाचा ओळख-क्रमांक, शोधावा आणि तो ग्राहकाला लेखी कळवावा. एकेकाळी एवढ्यावर विषय मिटला असता. मात्र सेंटओएस ७चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला असल्याने त्यानंतर सापडलेल्या दोषांची दुरुस्ती त्या चेंजलॉगमध्ये येणारच नाही. तपासणी करणाऱ्याचे कारण चुकीचे असेल. निष्कर्ष आज बरोबर आहे.

तेव्हा बदलायची आहे ती लायब्ररी नव्हे, तिच्याखालची प्रणाली. तोपर्यंत प्रकल्प अडू नये म्हणून नोड कंटेनरमध्ये, म्हणजे लायब्ररींसह बांधलेल्या वेगळ्या कप्प्यात, चालवता येईल, कारण कंटेनर आपली जीलिबसी सोबत आणतो. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, मात्र यजमान सर्व्हरचाच, म्हणजे ३.१० मालिकेतील, राहतो. नोड प्रकल्पाच्या अनधिकृत बिल्डांमध्ये जीलिबसी २.१७साठी बांधलेल्या काही आवृत्त्याही मिळतात. यापैकी काहीही केले तरी ती डागडुजीच समजावी आणि तिची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवावी. नोड १८चा आधारही एप्रिल २०२५मध्ये संपला आहे, तेव्हा एवढा खटाटोप करायचाच तर निदान आधार चालू असलेली आवृत्ती निवडावी.

स्थलांतरासाठी अल्मालिनक्स ९ किंवा रॉकी लिनक्स ९ हे सवयीला जवळचे पर्याय आहेत. दोन्हींत जीलिबसी २.३४ असून सुरक्षा-दुरुस्त्या २०३२पर्यंत मिळायच्या आहेत. यंत्र फार जुने असेल तर त्याचा प्रोसेसर चालेल की नाही हे आधी पाहावे, कारण ९व्या आवृत्तीला एक्स८६-६४-व्ही२ दर्जाचा प्रोसेसर लागतो. चालू यंत्रावरच प्रणाली चढवत नेण्याची साधने आहेत, परंतु शेजारी नवा सर्व्हर उभारून एकेक प्रकल्प हलवणे मला अधिक भरवशाचे वाटते. काही बिघडले तर जुना सर्व्हर जागेवर असतो. हलवताना प्रकल्पाची लॉकफाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) सोबत न्यावी आणि नोडच्या ‘एनपीएम सीआय’ या आज्ञेने तीच पॅकेजे बसवावीत. प्रणाली आणि पॅकेजे एकाच दिवशी बदलली, तर दोष कोणाचा हे शोधण्यात आठवडा जातो.

आणखी एक गोष्ट, जी हमखास नजरेतून सुटते. तुमच्याकडे पोस्टग्रेस हा डेटाबेस असेल, तर त्याची डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून नव्या सर्व्हरवर ठेवू नये. जीलिबसी २.२८मध्ये अक्षरांच्या क्रमवारीचे नियम बदलले. ‘११’ आणि ‘१-१’ यांत आधी कोण, याचे उत्तरही इंग्रजी लोकेलमध्ये (भाषेनुसारच्या मांडणीत) उलटले. मजकुराच्या स्तंभांवरील जुने इंडेक्स (शोधसूची) जुन्या क्रमाने रचलेले असल्यामुळे नव्या सर्व्हरवर असलेली नोंद सापडत नाही किंवा एकमेव असायला हवी ती नोंद दोनदा शिरते, आणि कोणताही एरर दिसत नाही. डंप (डेटाची संपूर्ण निर्यात) काढून नव्या ठिकाणी पुन्हा भरला, तर इंडेक्स नव्याने बांधले जातात. डिरेक्टरीच न्यावी लागली, तर संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी रीइंडेक्स चालवावे.