हिशेब जंगलातच कर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. हातातल्या फोनवर वन्यजीवांचं गणित मांडणं म्हणजे पोरखेळ, असं कुणीतरी तुला म्हणालं आणि तू हिरमुसलास. हिरमुसू नकोस. परिसंस्थांचा गणिती अभ्यास करणारे शास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी १९७६ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्राण्यांची संख्या कशी बदलत जाते हे सांगणाऱ्या ज्या एका ओळीच्या समीकरणाबद्दल लिहिलं, ते कॅल्क्युलेटरवर, अगदी हातानेही सोडवता येतं. यंदाची संख्या ० ते १ मधल्या अंशात मांडायची (१ म्हणजे सगळी जागा भरलेली), वाढीच्या दराने गुणायची आणि उरलेल्या जागेच्या प्रमाणाने पुन्हा गुणायची, एवढंच. दर २.८ ठेवलास तर संख्या एका जागी ठरते. ३.२ केलास तर दोन आकड्यांत एकाआड एक झुलत राहते. ३.९ला कसलाच नेम उरत नाही. आज रात्री स्वतः करून बघ.

तेव्हा यंत्राच्या आकाराची काळजी सोड. मला काळजी वाटते ती वेगळीच. आपण जंगलात नुसत्या नोंदी गोळा करतो आणि हिशेबाला बसतो घरी, महिन्याभराने. तोवर जनावरं पांगलेली असतात, मोसम उलटलेला असतो.

समज, तू २४ रानउंदीर पकडून, खूण करून सोडलेस. दुसऱ्या फेरीत ३० सापडले, त्यांतले ६ खुणेचे. दुसऱ्या फेरीतलं खुणेच्यांचं प्रमाण साऱ्या रानात तेच धरलं, तर सरळ हिशेबाने एकूण उंदीर २४ गुणिले ३०, भागिले ६, म्हणजे १२०. पण खुणेचे इतके थोडे परत आले की हे सूत्र आकडा फुगवतं, म्हणून चॅपमन या संख्याशास्त्रज्ञाची दुरुस्ती वापर: २५ गुणिले ३१, भागिले ७, वजा १. फोन दाखवेल १०९.७१४२८६. त्या दशांशांवर भाळू नकोस! प्रमाण त्रुटीही, म्हणजे अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप, काढ. ती इथे २९च्या आसपास येते. तिच्या दुपटीइतकं मागेपुढे धरलं, तर उंदीर ५०-५५ असू शकतात, तसेच १६५सुद्धा. आणि एकाच उंदराची खूण पुसली गेली, सहाऐवजी पाचच ओळखू आले, तर तेच उत्तर १२८ होतं.

हे त्याच संध्याकाळी मुक्कामावर कळलं, तर आणखी दोन रात्री सापळे लावता येतात, खुणा नीट टिकल्यात का तेही तपासता येतं. माझ्या लेखी फोनचं खरं मोल इथे आहे.

नोंदीचा फॉर्म मात्र जपून बनव. ‘पाहिलं, पण दिसलं नाही’ आणि ‘पाहिलंच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला शून्य, दुसरीला रिकामी जागा. घाईत दोन्ही शून्य झाले की पुढचं सगळं विश्लेषण नासतं, आणि नंतर ते कुणालाही निस्तरता येत नाही. शोधायला किती वेळ दिला, किती अंतर चाललास, तेही लिही. फॉर्ममध्ये लिहिण्यापेक्षा चित्रांची बटणं जास्त ठेव. सायबरट्रॅकर हे सॉफ्टवेअर याच कल्पनेतून घडलं. अक्षरओळख नसलेल्या, पण माग काढण्यात तरबेज असलेल्या माणसांना आपलं ज्ञान त्यात थेट नोंदवता आलं. अशा माणसांसोबत चालायची संधी मिळाली तर सोडू नकोस. कुठलंही मॉडेल शिकवणार नाही ते ती माणसं शिकवतात.

बॅटरी दगा देते, म्हणून कागदाची वही आणि पेन्सिल खिशात असू दे.

पहिली फेरी झाली की मला लिही. उत्तराबरोबर कच्च्या नोंदीही पाठव, आपण दोघं मिळून त्या पुन्हा ताडून बघू.

तुझा,
एक जुना सहप्रवासी