एनर्जी मॅनेजरची परीक्षा: तुमच्या बॉयलर हाऊसमधूनच सुरुवात करा

तुम्ही विचारलंय की इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये (कापड रंगवण्याच्या कारखान्यात) मेंटेनन्सला आठ वर्षं झाली, मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, तर बीईईची, म्हणजे केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीची, परीक्षा झेपेल का, क्लास लावावा का, आणि कारखान्यातली ऊर्जा सांभाळणारा एनर्जी मॅनेजर व्हावं की ती तपासणारा एनर्जी ऑडिटर. मी ही परीक्षा दोन खेपांत पास झालो आणि गेली बरीच वर्षं ऑडिटचंच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पात्रतेची काळजी नको. डिप्लोमावाल्यांना सहा वर्षांचा अनुभव लागतो, तुमचा त्याहून जास्त आहे. अनुभवाच्या पत्रात मात्र बॉयलर, कॉम्प्रेसर, पंप यांच्या देखभालीचा स्पष्ट उल्लेख करून घ्या. नुसतं 'मेंटेनन्स' लिहिलेलं पत्र आणू नका.

पेपर चार. पहिला सर्वसाधारण, दुसरा थर्मलचा, तिसरा इलेक्ट्रिकलचा. हे तीन सुटले की मॅनेजर. चौथाही सुटला तर ऑडिटर. प्रत्येक पेपरात ५० टक्के लागतात, एकातले जास्तीचे गुण दुसऱ्याला उपयोगी पडत नाहीत. चौथ्या पेपराला पुस्तकं नेता येतात, आणि तिथेच लोक फसतात. पिशवीभर पुस्तकं घेऊन बसतात आणि पानं उलटण्यात वेळ जातो. एकच वही न्या, स्वतःच्या हाताने लिहिलेली. माझं मत विचाराल तर फॉर्म चारही पेपरांचा भरा. अभ्यास एकदाच होतो आणि ऑडिटर झालेला माणूस मॅनेजरही ठरतोच.

पहिल्या खेपेला मी थर्मलमध्ये नापास झालो. बीईईची चारही पुस्तकं वाचली होती, जुने प्रश्न पाठ होते. पण पेपरात बॉयलरच्या कार्यक्षमतेचं गणित आकडे बदलून आलं आणि मला पायरीच सुचेना. रोज ज्या बॉयलरसमोर उभा राहत होतो, त्याची कार्यक्षमता मी एकदाही काढली नव्हती. याचं मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून लॉगबुक घेऊन बसलो.

तुम्हीही तेच करा. समजा, तुमचा बॉयलर ताशी ४ टन वाफ देतो आणि ताशी ८०० किलो कोळसा खातो. वाफेची एन्थाल्पी, म्हणजे तिच्यातली एकूण उष्णता, किलोला ६६० किलोकॅलरी; फीड वॉटर, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, ६० अंशाचं, म्हणजे पाण्यात आधीच ६०. प्रत्येक किलोमागे ६०० घातल्या. कोळशाचा उष्मांक किलोला ४००० धरला तर वर ४००० किलो वाफ गुणिले ६००, खाली ८०० किलो कोळसा गुणिले ४०००. उत्तर ७५ टक्के. ही डायरेक्ट पद्धत. ती किती गेलं ते सांगते, कुठे गेलं ते सांगत नाही. त्यासाठी इनडायरेक्ट पद्धत: चिमणीतून किती, कोळशातल्या ओलाव्यापायी किती, राखेत न जळलेलं किती, एकेक तोटा वेगळा काढायचा. हा भाग मन लावून करा, परीक्षेत आणि कामावर दोन्हीकडे तोच उपयोगी पडतो. फीड वॉटर ६ अंशांनी तापवलं की अंदाजे १ टक्का इंधन वाचतं, हे पुस्तकात एक ओळ म्हणून वाचलं तर विसरतं. कापड रंगवणाऱ्या जेट मशीनचं कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं गरम पाणी, गटारात जाताना पाहिलंत आणि फीड टँकला थर्मामीटर लावलात, तर जन्मभर लक्षात राहील.

आता त्याच कोळशाचं वर्षाचं बघा. २४ तास, ३०० दिवस म्हणजे ५७६० टन. १ टन तेलसममूल्य, म्हणजे टीओई, म्हणजे १ कोटी किलोकॅलरी. भागाकार केला की २३०४ टीओई येतात. ऊर्जा संवर्धन कायद्याखाली कापड कारखाना 'डेसिग्नेटेड कन्झ्युमर', म्हणजे नियम लागू होणारा मोठा ग्राहक, ठरण्याची मर्यादा वर्षाला ३००० टीओई आहे. वीज युनिटला ८६० किलोकॅलरीने मिळवायची. तुमचा कारखाना त्या रेषेच्या किती जवळ आहे ते यातून कळेल, आणि पहिल्या पेपरातलं एक गणितही पक्कं होईल. रेषेच्या वर गेलेल्या कारखान्याला पात्र एनर्जी मॅनेजर नेमावाच लागतो.

इलेक्ट्रिकलसाठी एक काम सांगतो. साप्ताहिक सुट्टीला सगळी मशीनं बंद असताना एकटा कॉम्प्रेसर चालू करा आणि घड्याळ घेऊन बसा. कुणी हवा वापरत नाही, तरी तो मधूनमधून लोड घेईल, म्हणजे हवा भरायला लागेल. दोन मिनिटं लोड, सहा मिनिटं अनलोड झाला, तर दोन भागिले आठ, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा नुसती गळतेय. मग शांततेत लाइनीवरून चाला. एरवी मशीनच्या आवाजात न ऐकू येणारी बारीक शिट्टी कपलिंगपाशी, एफआरएलच्या (हवेचा फिल्टर, रेग्युलेटर आणि लुब्रिकेटर यांचा संच) वाटीपाशी ऐकू येते. तिथे साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे फुगतात. मी हे एका कारखान्यात केलं तेव्हा सोबतचा फिटर स्वतःच पुढच्या सांध्याकडे धावला. पुढे प्रेशर १ बारने उतरवता आलं तर ६ ते १० टक्के वीज वाचते.

क्लास तुमच्या सोयीने. गणितं सोडवून घेणारा असेल तर लावा, नोट्स वाटणारा असेल तर पैसे वाचवा.

एक गैरसमज दूर करतो. परीक्षा पास झालेला ऑडिटर आणि मान्यताप्राप्त ऑडिटर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याने सक्तीचं ऑडिट मान्यताप्राप्तच करतो, आणि त्यासाठी पुढे ऑडिटचा अनुभव दाखवावा लागतो. आखातात जायचा विचार असेल तर तिकडे अमेरिकेच्या एईई (असोसिएशन ऑफ एनर्जी इंजिनियर्स) संस्थेचं सीईएम, म्हणजे सर्टिफाइड एनर्जी मॅनेजर हे प्रमाणपत्र, जास्त ओळखीचं आहे, पण आधी हे करा.

या आठवड्यात लॉगबुकमधले सात दिवसांचे वाफेचे आणि कोळशाचे आकडे उतरवा आणि इथे टाका. कार्यक्षमता आपण मिळून काढू.