सलून गाडीत केस कापत नाहीत

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश मोटारींवरचा एक लेख मराठीत आणताना एका वाचकांची गाडी ‘सलून’ आणि ‘टूरर’ या दोन शब्दांपाशी अडली आहे. ‘सलून’ तसाच ठेवावा तर वाचक थेट न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसतो. ‘टूरर’साठी त्यांनी ‘पर्यटक गाडी’ योजलं आहे, आणि ते चालेल का असं विचारलं आहे.

नाही चालणार. ‘टुरिस्ट गाडी’ म्हटलं की आपल्याला पिवळी नंबरप्लेट आणि टपावर बांधलेल्या बॅगा दिसतात. टूररचा भाड्याशी संबंध नाही. नाव लांबच्या सफरीवरून पडलं खरं, पण पुढे ते बांधणीचं नाव झालं: चार-पाच माणसांची उघडी गाडी, वर घडीचा कापडी टप, आणि खालीवर होणाऱ्या काचांऐवजी पाऊस आला की बाजूंना अडकवायचे पारदर्शक पडदे. हे पडदे लक्षात ठेवा, त्यांच्यावरून एका गाडीचं नाव बदललं.

आता सलून. इटालियनमध्ये ‘साला’ म्हणजे दालन (आपल्या कानाला खटकतं, पण इलाज नाही). त्याचं मोठं रूप ‘सालोने’, त्यावरून फ्रेंच ‘सालाँ’ आणि इंग्रजी ‘सलून’. बोटीवरचा ऐसपैस दिवाणखाना सलून, रेल्वेचा सजवलेला डबा सलून, आणि चार भिंती, छप्पर, काचा असलेली मोटारही सलूनच. थोडक्यात, चाकांवरची खोली. आपल्याकडे ‘हेअर कटिंग सलून’ या पाटीतले पहिले दोन शब्द झिजले आणि सगळा धंदा उरलेल्या ‘सलून’च्या नावावर झाला. रेल्वेत मात्र साहेबांचं सलून अजून डबाच आहे. तिथे कोणी दाढी करायला जात नाही.

दोन्ही शब्द एकाच गाडीवर पाहायचे तर मॉरिस मायनरकडे जावं. १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात ती आली तेव्हा दोनच रूपं होती, दोन दारांची सलून आणि टूरर. रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस. कंपनीच्या मालकांना, म्हणजे लॉर्ड नफील्डना, ती मुळीच आवडली नव्हती. ‘पोच्ड एग’, म्हणजे फोडून पाण्यात शिजवलेलं अंडं, म्हणत ते तिला. अगदी शेवटच्या टप्प्यात इसिगोनिसना गाडी अरुंद वाटू लागली. त्यांनी नमुन्याची गाडी उभी मधोमध कापून घेतली, दोन्ही अर्धुकं लांब सरकवत नेली आणि प्रमाण डोळ्यांत भरलं तिथे थांबले. फट भरली चार इंच. जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात मी मायनरच्या बॉनेटवर हात फिरवून पाहिला आहे: मधून जाणारी उंच सपाट पट्टी बोटांना लागते, तीच ती वाढलेली रुंदी. सुरुवातीच्या गाड्यांचे बंपरही आधीच तयार होऊन बसले होते, म्हणून तेही मधे कापून तुकडा घालून जोडले. हीच गाडी आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सनं ‘बेबी हिंदुस्थान’ म्हणून काढली.

मायनरच्या टूररचे ते अडकवायचे पडदे १९५१ साली गेले, मागच्या बाजूला पक्क्या काचा आल्या, आणि त्याबरोबर ‘टूरर’ हे नावही गेलं. गाडी ‘कन्व्हर्टिबल’ झाली. माणसं तीच, टप तोच, पण पडदा गेला की टूरर गेली.

हा शब्द एकूणच का मावळला, याचं कारण पत्र्यात आहे. पूर्वी गाडीचा भार वेगळ्या चॅसीवर, म्हणजे खालच्या चौकटीवर, असे. वर उघडा सांगाडा बसवणं सोपं आणि हलकं, म्हणून टूरर स्वस्त असे आणि सलून हे चैनीचं प्रकरण. युद्धानंतर चॅसी आणि बॉडी सर्रास एकजीव होऊ लागली. आता छप्परसुद्धा भार पेलायला लागलं. ते काढायचं तर खाली पत्रा वाढवून बळकटी द्यावी लागते. उलटंच झालं, उघडी गाडी महाग पडू लागली.

शब्द रिकामा झाला म्हणजे कोणीतरी त्यात राहायला येतंच. १९५८ साली ब्रिटनमध्ये सलून गाड्यांची अजिंक्यपद शर्यत सुरू झाली. पहिल्याच वर्षी ऑस्टिनवाले जॅक सीअर्स आणि जॅग्वारवाले टॉमी सॉपविथ गुणांत बरोबरीत आले. नाणेफेक दोघांनाही मान्य नव्हती. मग दोन सारख्या रायली गाड्या आणल्या, अदलाबदल करून दोनदा पळवल्या आणि सीअर्स थोडक्यात जिंकले. (त्या रायलींचा तळ मॉरिस मायनरचाच होता.) १९८७ साली याच स्पर्धेचं नाव ‘टूरिंग कार’ अजिंक्यपद झालं. गाड्या बंद छपराच्याच. तेव्हा लेखात शर्यतीचा संदर्भ असेल तर ‘टूरिंग कार’चं भाषांतर ‘उघडी गाडी’ करू नका, तोंडघशी पडाल.

माझं मत विचाराल तर दोन्ही शब्द ठेवा. पहिल्यांदा येतील तिथे ‘बंद सलून मोटार’ आणि ‘कापडी टपाची टूरर’ लिहा, पुढे नुसतं सलून आणि टूरर. ‘सेडान’ मात्र नको. आज आपल्या तोंडात तोच बसलाय, पण तो अमेरिकन. इंग्लंडमधल्या मोटारींच्या गावी, कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात, कोणी तो वापरत नसे.

जाता जाता ‘डिकी’. सामान ठेवायच्या मागच्या कप्प्याला ब्रिटिश लोक ‘बूट’ म्हणतात, आपण डिकी. मूळ डिकी म्हणजे गाडीच्या मागे बाहेर असलेलं बसायचं आसन, घोडागाडीच्या काळापासूनचं. झाकण उघडलं की आत गादी. युद्धानंतर हे आसन असलेली एकच गाडी नाव घेण्यासारखी, १९४६ची ट्रायम्फ रोडस्टर. पोलाद मिळेना म्हणून बॉडीला अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे. तिच्या डिकीच्या झाकणाचे दोन भाग होते. पुढचा उभा केला की त्यातल्या काचा मागच्या दोघांपुढे वारा अडवायला येत. १९४९ साली ती बंद झाली. आपण अजून डिकीत पोती ठेवतो.