पॅंट पोटावर की पोटाखाली? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही एवढंच लिहिलं होतं की या वेळी पुरुषांच्या रोजच्या कपड्यांवर प्रश्न पाठवा, आणि गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत इतके प्रश्न आले की सगळे छापणं शक्य नाही. विचारणारे बहुतेक पन्नाशी ओलांडलेले, आणि जवळपास प्रत्येकाच्या पत्रात एक वाक्य ठरलेलं, "या वयात शोभेल का?" माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. वयाचा विचार नंतर करा, आधी टेप आणा आणि आजचं माप घ्या. दहा वर्षांपूर्वीच्या मापाचा कपडा अंगावर असेल तर त्यात तिशीतला माणूससुद्धा वाईट दिसतो.

प्रश्न : वय ५४, म्हापशात दुकान आहे, दिवसभर उभं राहावं लागतं. कितीतरी वर्षं ३६ ची पॅंट घेतो, कंबर काही वाढलेली नाही, तरी पॅंट सारखी खाली घसरते. बेल्ट आवळला तर वळ उठतात आणि जेवणानंतर जळजळतं. शर्ट इन केला तर तासाभरात बाहेर येतो. ३८ घेतली तर मागून पिशवीसारखी लोंबते. काय करू?

दादा, तुम्ही पॅंट जिथे बांधता तिथलं माप ३६ आहे, तुमची कंबर ३६ राहिलेली नाही. एक करा, आरशासमोर नेहमीसारखा श्वास सोडून उभे राहा, पोट आत ओढू नका, आणि आधी बेंबीवरून टेप फिरवा, मग बेल्ट बसतो तिथून फिरवा. दोन आकड्यांत जो फरक येईल तोच तुमचा सगळा त्रास आहे. पोट पुढे येतं ते बेंबीच्या आसपास, त्याखालची हाडं आहेत तेवढीच राहतात, त्यामुळे पॅंट हळूहळू पोटाखाली सरकते आणि आकडा मात्र वर्षानुवर्षं तोच दिसतो. त्यात चाळिशीनंतर मांड्या आणि मागची बाजू बारीक होत जाते, म्हणजे पॅंट जिथे अडकून राहायची तिथलं मांसच कमी होतं, आणि म्हणून ३८ घेतली की मागे पिशवी होते. यात तुमचं काही चुकत नाहीये, शरीराचा आकार बदललाय आणि पॅंट जुन्याच आकाराची आहे.

रेडीमेडमध्ये हे जमणं कठीण, कारण दुकानांत दिसणाऱ्या बहुतेक पॅंटी कंबरेच्या खाली बसणाऱ्या असतात, पोट असलेल्या माणसाच्या त्या घसरणारच. तुम्ही टेलरकडे जा, म्हापशात अजून चांगले टेलर आहेत, शुक्रवारी बाजाराची गर्दी असते म्हणून दुसरा दिवस बघा. माप देताना पॅंट कुठे बांधणार ते बोट ठेवून दाखवा, बेंबीवर किंवा दोन बोटं खाली. तिथून खाली जांघेपर्यंतची उंची पुढून वेगळी आणि मागून वेगळी घ्यायला सांगा, बरेच टेलर घाईत एकाच मापावर काम उरकतात. पुढे दोन्ही बाजूंना प्लेट ठेवायला सांगा, प्लेट जुनाट दिसते असं मुलं म्हणतील पण बसताना ती उघडते आणि पोटावर ताण येत नाही. कंबरपट्टीत दोन्ही कुशीला थोडं इलॅस्टिक आतून टाकून मिळतं, बाहेरून कळतही नाही. आणि मागच्या शिवणीत दोन इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवायला विसरू नका, म्हणजे वजन वाढो की घटो, पॅंट फेकावी लागणार नाही.

बेल्ट आवळणं मात्र आजपासून बंद. घट्ट बेल्टमुळे पोटावर दाब येतो आणि आम्ल वर चढतं, तुमची जेवणानंतरची जळजळ त्यामुळे असू शकते, बेल्ट सोडूनही थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवा. गॅलिस, म्हणजे खांद्यावरून जाणारे पट्टे, लावून बघा, पॅंट खांद्यावरून लटकते, पोटाला काही आवळायला नको, आणि शर्ट बाहेर सोडला तर कुणाला दिसतही नाही.

शर्टाचं राहिलं. कुशीवर वळून आरशात बघा, पोटामुळे शर्टाची पुढची कड वर उचलली जाते आणि मागची खाली राहते, मग शर्ट आखूड झाल्यासारखा वाटतो. टेलरला पुढची उंची इंचभर जास्त धरायला सांगा, कड सरळ येते. इन करायचा हट्ट सोडायला तयार असाल तर खाली सरळ कापलेला, चेनच्या मध्यापर्यंत येणारा शर्ट शिवा. दुकानात दिवसभर वावरायला तो फारच सुटसुटीत.

प्रश्न : सरकारी नोकरीतून यंदा ६० पूर्ण होऊन निवृत्त झालो, पणजीत राहतो. कपाट फुल शर्ट आणि टेरिकॉटच्या पॅंटींनी भरलंय. आता ऑफिस नाही तर सकाळी उठून काय घालायचं तेच कळत नाही. बर्म्युडावर बाहेर पडलो की कुणी ओळखीचं भेटलं तर अवघडल्यासारखं होतं, आणि फुल शर्टात भाजी आणायला गेलो तर लोक विचारतात, काय साहेब, आज कुठे?

तुमचं पत्र वाचून खरंच वाटलं की हे मोठ्याने बोलायला हवं, कारण निवृत्तीच्या पैशांवर सगळे बोलतात आणि सकाळी अंगात काय घालायचं यावर कुणी बोलत नाही, पण माणूस खचतो तो अशा बारीक गोष्टींनीच. इतकी वर्षं ऑफिसने तुमचा पोशाख ठरवून दिला होता, आता तो तुम्हाला ठरवायचाय. घरातला, बाहेरचा आणि देवळात-लग्नात जायचा असे तीन वेगळे ठेवा. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पोय घेण्यापुरता बर्म्युडा ठीक, पण आंघोळ झाली की बाहेरचा पोशाख चढवा, मग कुठे जायचं असो की नसो. देवळाचं सांगायलाच नको, आपल्याकडच्या बऱ्याच देवळांत आता अर्ध्या पॅंटीला मनाई आहे.

कपाट रिकामं करायची गरज नाही. फुल शर्टांपैकी सुती असतील ते बाजूला काढा आणि बाह्या कापून हाफ करून घ्या, कोपराच्या वर तीन-चार बोटं, त्याहून लांब ठेवल्या तर हात काडीसारखे दिसतात. कापलेलं कापड टेलरकडे सोडून येऊ नका, ठिगळाला, खिशाला कामाला येतं. कॉलर घासली असेल तर ती उसवून उलटी लावून देणारे टेलर अजून आहेत, शर्ट नवा होतो.

टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं सुती, मात्र आपल्या हवेला नको, नोकरीत पंख्याखाली, एसीत चालून गेलं. सुती कापड हवेतून स्वतःच्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओलावा धरतं, लिनन १२ टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही, म्हणून मे महिन्यात टेरिकॉटच्या आत घाम नुसता वाहत राहतो. लिनन चुरगळतं, चुरगळू द्या, ते त्याला शोभतं.

आणि साहेबपणा जाईल याची भीती असेल तर मनोहर पर्रीकर आठवा. मुख्यमंत्री असताना हाफ शर्ट आणि पायात सॅंडल, २०१४ मध्ये संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले तरी तेच. त्यांना कमी मान मिळाला असं गोव्यात कुणी म्हणणार नाही. त्यांनी एक साधा पोशाख निवडला आणि तो सोडला नाही. तुम्हीही हलक्या रंगाचे, एकाच मापाचे चार-पाच हाफ शर्ट ठरवा, रोज सकाळचा प्रश्नच संपला.

प्रश्न : मी पर्वरीला असते, बाबा साखळीला. ७८ वर्षांचे आहेत. बोटं आखडतात म्हणून बटणं लागत नाहीत, तर दिवसभर फाटक्या बनियनवर सोप्यावर बसतात. नवीन कपडे आणले की ट्रंकेत ठेवतात, चवथीला घालीन म्हणतात. टी-शर्ट आणला तर हात वर जात नाहीत. कुणी आलं की आईला लाज वाटते. त्यांना कसं समजवू?

ताई, समजवू नका. बाबांना शर्ट नकोय असं मला तरी वाटत नाही, बटणाशी झगडताना कुणी बघू नये असं त्यांना वाटत असणार, आणि बनियनवर बसलं की तो प्रसंगच येत नाही. तेव्हा बटणाचं बघा.

त्यांचा सगळ्यात आवडता, अंगाला सवय झालेला जुना शर्ट आईला विचारून दोन दिवस मागून घ्या आणि टेलरला नमुना म्हणून द्या, उसवायचा नाही हे बजावून सांगा. तसाच शर्ट, तसलाच रंग, तसलाच वरचा खिसा, कारण चष्मा आणि पानाची डबी तिथेच जाते, फक्त कापड मऊ सुती. आता मुख्य गोष्ट. काजं करायची नाहीत, बटणं पट्टीवर वरूनच शिवून टाकायची, आणि पट्टीच्या आत वेल्क्रोचे छोटे तुकडे लावायचे. टिचबटण नको, ते दाबायलाही बोटात जोर लागतो. समोरून बघणाऱ्याला नेहमीचा बटणांचा शर्टच दिसतो. धुवायच्या आधी वेल्क्रो बंद करायला आईला सांगा, नाहीतर त्यात धागे अडकून ते धरेनासं होतं. गळ्याचं लेबल काढून टाका, या वयात कातडी पातळ होते, टोचतं. खांदे पुढे झुकले असतील तर टेलरला पाठीची उंची थोडी वाढवायला सांगा, नाहीतर वाकल्यावर मागून शर्ट वर जातो आणि कंबर उघडी पडते.

भजनाला, जत्रेला धोतर नेसत असतील तर शिवलेलं धोतर आणा, सोग्यात पाय अडकून पडण्याची भीती कमी होते. चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सॅंडल द्या, माप संध्याकाळी घ्या, पाय वयाबरोबर पसरतात आणि दिवसभरात थोडे सुजतातही. आणि दोनच शर्ट शिवा, दोन्ही एकदा धुऊन, मऊ करून त्यांच्या रोजच्या खुंटीला अडकवून ठेवा. कोरी घडी दिसली की ती ट्रंकेतच जाणार.

प्रश्न : ४७ वर्षं, मडगाव. मला फुलाफुलांचे, लाल, पिवळे शर्ट आवडतात. बायकोला चालतं, पण भावजी म्हणतात आता केस पिकले, जरा वयाला साजेसं घाल.

घाला हो, बिनधास्त घाला. केस पिकले की उलट गडद रंग जास्त उठून दिसतात, लाल, बाटली हिरवा, गडद निळा. फिके बदामी आणि राखाडी रंगच चेहऱ्याला निस्तेज करतात, आणि नेमके तेच रंग "वयाला साजेसे" म्हणून गळ्यात मारले जातात. आपल्या मातीतच लाल रंग आहे, कुणबी बायकांची लाल चौकटीची साडी बघा, कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा लोकांसमोर आणली, २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चौकटीच्या कापडाचा शर्ट शिवून बघा. फुलांच्या शर्टाबाबत एकच सांगेन, शर्ट भरलेला असेल तर पॅंट एकाच रंगाची ठेवा आणि खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच बसू दे. ढगळ फुलांचा शर्ट घातला की माणूस किनाऱ्यावरचा टुरिस्ट वाटतो, भावजींना बहुधा तेच खटकत असेल.

प्रश्न : वाळपईला पावसात चार महिने बेल्ट, बूट, कोट सगळ्यावर बुरशी येते. मुलाच्या लग्नाचा कोट तर वायाच गेला. उपाय?

सत्तरी तालुक्यातला पाऊस म्हटल्यावर कातडं जूनच्या आधीच पेटीबंद करायचं. बूट-बेल्ट पुसून, उन्हात नव्हे तर सावलीत पूर्ण वाळवून, पॉलिश करून वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आतच ओल धरते. चार महिने रबरी सॅंडल आणि कापडी बेल्ट वापरा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, कपडे खच्चून भरू नका, आणि ऊन पडेल त्या दिवशी दारं उघडी टाका. कोट एकदम वाया गेला म्हणू नका, बुरशी अंगणात नेऊन कोरड्या ब्रशने झटका, घरात झटकली तर ती बाकीच्या कपड्यांवर बसते, नाका-तोंडावर रुमाल बांधा, आणि मग ड्रायक्लीनला द्या. डाग नवे असतील तर बरेचदा निघतात. आणखी एक, पावसात ओली जीन्स अंगावर वाळवू नका, जांघेत नायटा होतो तो असाच. सुती सैल पॅंट घाला आणि आतले कपडे इस्त्री करूनच घाला, पूर्ण वाळलेत याची खात्री तेवढी होते.