घड्याळाचा पट्टा खऱ्या अजगराच्या कातड्याचा आहे की छापील, कसं ओळखायचं?
पट्ट्यावरून नख खवल्यांच्या उलट दिशेने हळूच फिरवा: खरं कातडं असेल तर कडा नखाला अडकतात, छापील गाईच्या चामड्यावर नख सरळ सरकतं. कारण अजगराचा खवला एका बाजूने सुटा असतो, कौलासारखा पुढच्यावर किंचित चढलेला. छाप्यात नुसती खाच उमटते. शिवाय खऱ्या कातड्यात दोन खवले हुबेहूब सारखे नसतात. तीच नक्षी पुन्हा पुन्हा दिसली की तो साचा समजा. पाठीचे खवले लहान, शंकरपाळ्यासारखे. पोटाचे रुंद, आडवे.

मात्र वर चकचकीत लेप असेल तर खवले दबून जातात आणि नखाची खूण फसते. तेव्हा पट्ट्याची कड भिंगाखाली धरा: अजगराचं कातडं पातळ असल्यामुळे खाली बहुधा दुसऱ्या चामड्याचा अस्तर-थर चिकटवलेला दिसतो.

आणि खरं निघालं, तर कागदपत्रं नक्की मागा. आग्नेय आशियातला जाळीदार अजगर साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, त्याच्या व्यापाराला परवाना लागतो. आपल्या भारतीय अजगराच्या कातड्याचा व्यापार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे.