दहावा आठवडा आणि हातात तिकीट

दहावा आठवडा चालू आहे, चार आठवड्यांनी नवऱ्याकडे कायमचं जायचंय, मग बाळाच्या तपासण्या निघण्याआधी करू की पोचल्यावर, आणि त्यांतून नेमकं कळतं काय, असं तू विचारलंस. मीही पोटात बाळ असतानाच देश बदलला, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली तपासणी करूनच नीघ. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागचा पाण्याचा थर मोजणारी सोनोग्राफी) आणि त्याच्या जोडीची डबल मार्कर रक्ततपासणी ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच होते. नव्या ठिकाणी नाव नोंदवून पहिली भेट मिळेपर्यंत हे दिवस निघून जातात. मग क्वाड्रुपल मार्कर ही नंतरची रक्ततपासणी उरते, पण ती तितकी नेमकी नाही.

माझ्या स्कॅनच्या वेळी बाळ हनुवटी छातीला टेकवून बसलं होतं. डॉक्टरांनी कुशीवर वळवलं, खोकायला लावलं, शेवटी दहा मिनिटं चालून यायला सांगितलं. मग पडद्यावरच्या दोन बारीक फुल्या मानेमागच्या काळ्या पट्टीच्या कडांवर बसल्या: १.९ मिमी. तो पाण्याचा थर, रक्तातली दोन द्रव्यं आणि आईचं वय यांवरून डाउन सिंड्रोमची (२१ वं गुणसूत्र जास्तीचं असण्याची) शक्यता काढतात. माझी आली १:१८०. म्हणजे असा आकडा आलेल्या १८० जणींपैकी एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असतो, १७९ जणींच्या नसतो. पण रिपोर्टवर ठळक अक्षरांत 'हाय रिस्क' होतं आणि विमानात मी रडतच होते. नव्या देशातल्या नर्सनं तोच कागद बघून सांगितलं, आमच्याकडे हा लो रिस्क. आधीच्या लॅबची सीमा १:२५०, इथली १:१५०. तेच रक्त, तोच आकडा! म्हणून शिक्क्यापेक्षा आकडा विचार.

तरी मनाला चैन नव्हतं, म्हणून एनआयपीटी ही आणखी एक रक्ततपासणी केली. आईच्या रक्तात गर्भाच्या डीएनएचे तुकडे फिरत असतात, हे डेनिस लो या संशोधकाच्या गटानं १९९७ साली दाखवून दिलं; ते मुख्यतः वारेतून येतात. दहाव्या आठवड्यानंतर नुसत्या रक्तावरून २१, १८ आणि १३ यांपैकी एखादं गुणसूत्र जास्तीचं आहे का, याचा बराच भरवशाचा अंदाज मिळतो. पण तो डीएनए वारेचा, आणि क्वचित वार एक सांगते, बाळ वेगळंच असतं. त्यामुळे एनआयपीटी पॉझिटिव्ह आली तरी गर्भजल तपासणी (सुईनं बाळाभोवतालचं पाणी काढून केलेली) झाल्याशिवाय कसलाही निर्णय घेऊ नकोस. ती १५ आठवड्यांनंतर होते, आणि तिच्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो, तोही आधी विचारून घे.

हृदय, पाठीचा कणा, फाटलेला ओठ हे डबल मार्कर किंवा एनआयपीटीत दिसत नाही. त्यासाठी १८ ते २२ आठवड्यांचा ॲनोमली स्कॅन. त्यातही हृदयाचे काही दोष निसटतात. बुद्धी, ऑटिझम यांतलं कुठलीच तपासणी सांगत नाही. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी तुमची दोघांची रक्तं तपासा. दोघंही वाहक असाल तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के.

सोबत मूळ रिपोर्ट ने. पहिल्या सोनोग्राफीतली बाळाची लांबी लिहिलेला कागद तर हवाच, कारण आठवडे त्यावरूनच मोजतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर पहिल्याच भेटीत सांग. आणि पोचलीस की त्याच आठवड्यात ॲनोमली स्कॅनची तारीख मागून घे.