छापील कागदावरचा क्यूआर कोड : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पत्रके, खोकी, कार्डे आणि फ्लेक्स यांवर छापल्या जाणाऱ्या क्यूआर कोडविषयी गेल्या काही आठवड्यांत अनेक पत्रे आली. त्यांपैकी सहा निवडली असून, पत्रलेखकांची नावे न देता त्यांचे प्रश्न थोडक्यात मांडले आहेत.

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यातील आंबा बागायतदार आहोत. गेल्या हंगामात आंब्याच्या खोक्यांवर क्यूआर कोड छापून घेतला. तो स्कॅन केला की बागेची माहिती आणि मागणी नोंदविण्याचा फॉर्म उघडत असे. कोड एका संकेतस्थळावर विनामूल्य तयार केला होता. आता तो स्कॅन केल्यावर कोड बंद केल्याची सूचना येते आणि शुल्क मागितले जाते. छापलेली खोकी बरीच शिल्लक आहेत. क्यूआर कोडला मुदत असते का?

उत्तर : कोडला मुदत नसते. त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांत केवळ मजकूर साठवलेला असतो, बहुतेक वेळा एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता, आणि तो मजकूर कागद टिकेल तोवर तसाच राहतो. हे तंत्र जपानमधील डेन्सो या वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये विकसित केले. कंपनीने पेटंट आपल्याकडे ठेवले, पण प्रमाणित क्यूआर कोड वापरणाऱ्यांवर त्याचा हक्क बजावणार नाही असे जाहीर केले. २००० मध्ये त्याचे आंतरराष्ट्रीय मानकही ठरले. म्हणून कोड तयार करण्यासाठी किंवा चालू ठेवण्यासाठी कोणालाही पैसे देण्याची मुळात गरज नाही.

आपल्याकडून शुल्क मागितले जात आहे ते कोडसाठी नव्हे, मधल्या पत्त्यासाठी. कोड दोन प्रकारे तयार होतो. पहिल्या प्रकारात, ज्याला स्टॅटिक म्हणतात, आपला पत्ता थेट चौकोनांत बसतो. दुसऱ्यात, म्हणजे डायनॅमिक कोडमध्ये, चौकोनांत कोड बनवून देणाऱ्या कंपनीचा एक छोटा पत्ता असतो आणि ती कंपनी ग्राहकाला तेथून आपल्या पानाकडे वळवते. या दुसऱ्या प्रकाराचे लाभ खरे आहेत, कारण छपाई झाल्यानंतरही पान बदलता येते आणि किती जणांनी कोड उघडला हे कळते. मात्र आपल्या खोक्यावर छापलेला पत्ता दुसऱ्याच्या मालकीचा असतो आणि चाचणीची मुदत संपली, दर वाढले किंवा ती कंपनीच बंद पडली, तर आपल्या हातात काही उरत नाही. ‘विनामूल्य’ हा शब्द ठळक छापून मुदतीची अट बारीक अक्षरांत ठेवणे मला अत्यंत गैर वाटते, कारण त्याचा फटका बसतो तो हजारो खोकी एकदम छापून घेणाऱ्या लहान व्यावसायिकालाच.

यावर माझा सल्ला असा की, बागेच्या नावाने स्वतःचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नोंदवलेले नाव, घ्यावे, त्यावर एक छोटा पत्ता ठरवावा आणि त्या पत्त्याचा स्टॅटिक कोड छापावा. पुढे फॉर्म बदलला, दुसऱ्या सेवेवर गेला किंवा दर वर्षी नवे पान केले, तरी आपल्याच संकेतस्थळावरून ग्राहकाला नव्या पानाकडे वळवता येते. म्हणजे डायनॅमिक कोडची सोय मिळते आणि किल्ली आपल्याकडेच राहते. डोमेनचे वार्षिक नूतनीकरण मात्र विसरून चालणार नाही. पत्ता सोडून दिला तर तो दुसरा कोणीही घेऊ शकतो आणि आपल्या खोक्यावरचा कोड त्याच्या पानावर उघडू लागतो. कोणताही कोड छपाईला देण्यापूर्वी फोनचा कॅमेरा त्यावर धरावा आणि पान उघडण्याआधी पडद्यावर दिसणारा पत्ता वाचावा. तेथे आपले नाव नसून कोड बनविणाऱ्या कंपनीचे नाव दिसले, तर तो कोड डायनॅमिक आहे असे समजावे.

शिल्लक खोक्यांवर जुना कोड पूर्ण झाकेल एवढे पांढरे लेबल लावावे. हा मार्ग मी आणखी एका कारणासाठी सुचवतो. आंब्याचे खोके नालीदार पुठ्ठ्याचे असते. त्याच्या आतल्या नाल्यांमुळे छपाईच्या वेळी पृष्ठभागावर सर्वत्र सारखा दाब बसत नाही, शाई कुठे पसरते तर कुठे विरळ उतरते आणि पुठ्ठ्याचा तपकिरी रंग काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी करतो. बाजारात सावलीत रचलेल्या खोक्यावरचा असा कोड वाचताना फोन अडखळतो. पांढऱ्या कागदावर स्वच्छ छापलेले लेबल या दोन्ही अडचणी दूर करते, त्यामुळे पुढच्या हंगामातही कोड पुठ्ठ्यावर न छापता लेबलावरच घ्यावा.

प्रश्न : साताऱ्यात आमचे वाचनालय दर वर्षी ग्रंथप्रदर्शन भरवते. इंटरनेट नसतानाही वाचता यावी म्हणून पत्रकावरील कोडमध्ये प्रदर्शनाची सगळी माहिती मराठीतच भरली, तर कोड अतिशय दाट झाला आणि बऱ्याच फोनवर वाचला जात नाही. असे का होते?

उत्तर : कल्पना चांगली आहे, परंतु देवनागरी मजकूर कोडमध्ये फार जागा व्यापतो. संगणकावर अक्षरे साठविण्याच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये, म्हणजे साठवणुकीच्या एका एककात, बसते, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. शिवाय मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘श्री’ हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर दिसते, पण संगणकाच्या दृष्टीने त्यात श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे आहेत, म्हणजेच बारा बाइट. दीडशे चिन्हांची साधी माहिती लिहिली तरी साडेचारशे बाइटच्या आसपास जाते.

त्याचा कागदावरचा परिणाम पाहू. सर्वांत लहान क्यूआर कोडमध्ये एका बाजूला २१ चौकोन असतात, सर्वांत मोठ्यात १७७. सव्वीस बाइटपर्यंतचा इंग्रजी पत्ता मध्यम दुरुस्तीक्षमतेसह (थोडा भाग खराब झाला तरी कोड वाचता यावा यासाठीची सोय) एका बाजूस २५ चौकोनांच्या कोडमध्ये मावतो. साडेचारशे बाइटला त्याच क्षमतेने एका बाजूस ८१ चौकोन लागतात. पत्रकावर कोडसाठी अडीच सेंटीमीटर जागा असेल, तर पहिल्या कोडमधील प्रत्येक चौकोन एक मिलिमीटरचा होतो आणि दुसऱ्यातील जेमतेम ०.३ मिलिमीटरचा. साध्या कागदावर शाई थोडी जरी पसरली तरी एवढे बारीक चौकोन एकमेकांत मिसळतात.

तेव्हा तारीख, वेळ आणि स्थळ कागदावर मराठीत ठसठशीत छापावे, कोडमध्ये केवळ छोटा पत्ता ठेवावा आणि सविस्तर ग्रंथयादी त्या पत्त्यावर मराठीत द्यावी. त्या पानाचा पत्ता मात्र इंग्रजी अक्षरांतच असू द्यावा. पत्त्यात देवनागरी शब्द आले, तर ते कोडमध्ये जाताना बहुधा टक्क्याच्या चिन्हांच्या सांकेतिक रूपात बदलतात आणि एकेका चिन्हाची नऊ अक्षरे होतात. तेथे एकट्या ‘श्री’ची छत्तीस अक्षरे होतील.

प्रश्न : इचलकरंजीत माझा ऑफसेट छापखाना आहे. ग्राहक व्हॉट्सअ‍ॅपवर कोडचे चित्र पाठवतात, त्यात मधोमध बोधचिन्ह हवे म्हणतात, रंगही आपल्या पसंतीचे सांगतात आणि पुढे कोड चालला नाही की दोष छापखान्याला देतात. आकार, रंग आणि बोधचिन्ह यांविषयी काय नियम सांगावेत?

उत्तर : आपली अडचण रास्त आहे. प्रथम फाइलविषयी. व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र म्हणून पाठवलेल्या चित्राची फाइल दाबून लहान केली जाते आणि चौकोनांच्या कडा धूसर होतात. ग्राहकाकडून पीडीएफ किंवा एसव्हीजी (मोठे केले तरी कडा स्पष्ट राहणारा चित्रप्रकार) फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवावी, किंवा त्याच्याकडून पत्ता लिहून घेऊन कोड स्वतःच तयार करावा. डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी, करताना कोड फक्त काळ्या शाईच्या एकाच प्लेटवर जाईल याची खात्री करावी. पडद्यावरचा काळा रंग चार रंगांत विभागला गेला आणि छपाईत रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, किंचित हलले, तर प्रत्येक चौकोनाला रंगीत झालर येते.

कोडच्या चारही बाजूंना चार चौकोनांच्या रुंदीएवढी मोकळी जागा मानकानेच आवश्यक ठरवली आहे. जागा वाचविण्यासाठी सर्वांत आधी कात्री लागते ती या मोकळ्या जागेलाच, आणि माझ्या मते छापील कोड न वाचला जाण्याचे ते एक मोठे कारण आहे. फोनला कोड सापडतो तो तीन कोपऱ्यांतील मोठ्या चौकोनांमुळे. त्यांच्या मध्यातून कोणतीही रेघ काढली तरी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण १:१:३:१:१ असेच येते. छापील मजकुरात सहसा न आढळणारे प्रमाण म्हणून ते मुद्दाम निवडलेले आहे. त्या चौकोनांना गोलाई देणे, नक्षी करणे किंवा भोवतालची जागा भरणे म्हणजे फोनच्या मार्गातील खुणाच पुसणे होय.

बोधचिन्ह चालते ते कोडमधील दुरुस्तीच्या सोयीमुळे. तिच्या चार पातळ्या असून त्या अनुक्रमे सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के हानी भरून काढतात. ग्राहकाला बोधचिन्ह हवेच असेल तर सर्वांत वरची पातळी निवडावी. परंतु बोधचिन्हाने झाकलेला भाग ही त्या राखीव क्षमतेतून केलेली उचल आहे. पुढे कागदाला घडी पडली, ओरखडा आला किंवा चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचा झोत पडला, तर सावरून घ्यायला तेवढी क्षमता कमी उरते. रंगाच्या बाबतीत गडद कोड आणि फिकट पार्श्वभूमी हे सूत्र सोडू नये. गडद पार्श्वभूमीवरचा पांढरा कोड पुष्कळ फोन वाचतात, सगळे वाचत नाहीत.

आकारासाठी वाचण्याचे अंतर भागिले दहा हा व्यवहारातला हिशेब पुरेसा आहे. हातातल्या पत्रकावर अडीच सेंटीमीटर, तीन मीटरवरून वाचायच्या फलकावर तीस सेंटीमीटर. एसटी स्थानकावर प्रवासी थांबलेले असतात, तेथे कोड उपयोगी पडतो. महामार्गावरच्या फ्लेक्सवर तो छापण्यास मात्र माझा ठाम विरोध आहे, कारण वाहन चालविणाऱ्याला फोन हातात घ्यायला लावणारी जाहिरात कोणीही छापू नये. शेवटी, मंजुरीसाठी पडद्यावरचे चित्र न पाठवता ज्या कागदावर छपाई व्हायची आहे त्याच कागदावरचे प्रूफ द्यावे, एखाद्या जुन्या, साध्या फोननेही ते स्कॅन करून पाहण्यास सांगावे आणि त्यावर ग्राहकाची सही घ्यावी.

प्रश्न : नाशिकमध्ये घर शोधत आहे. वर्तमानपत्रातील सदनिकांच्या जाहिरातींत एक, कधी दोन क्यूआर कोड असतात. त्यांतला कोणता पाहावा?

उत्तर : महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातीत महारेराचा (महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा) क्यूआर कोड छापणे बंधनकारक असून, तो नसल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा कोड प्रकल्पाच्या नोंदणीची माहिती उघडतो. प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख, मंजुऱ्या आणि वेळोवेळी झालेले बदल तेथे पाहता येतात. दुसरा कोड बहुधा विकासकाच्या स्वतःच्या जाहिरातीचा असतो. स्कॅन केल्यावर दिसणारा पत्ता महारेराच्या संकेतस्थळाचाच आहे ना, हे पाहावे आणि तेथील नोंदणी क्रमांक जाहिरातीतल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. नमुना सदनिकेची छायाचित्रे त्यानंतर पाहिली तरी चालतील.

प्रश्न : पंढरपुरात आमचा महिला बचत गट दिवाळीचा फराळ विकतो. पत्रकावर मागणीचा कोड आणि पैसे भरण्याचा कोड शेजारी शेजारी छापला, तर ग्राहकांचा गोंधळ झाला. काय करावे?

उत्तर : पत्रकावर केवळ मागणीचा कोड छापावा आणि त्याखाली ‘फराळाची यादी व मागणीसाठी’ असे स्पष्ट लिहावे. नुसता कोड पाहून तो कशाचा आहे हे कोणालाच कळत नाही, त्यामुळे ही ओळ कोडइतकीच महत्त्वाची आहे. तिच्याखाली दूरध्वनी क्रमांकही द्यावा, कारण फराळ मागविणाऱ्या अनेक ज्येष्ठ ग्राहकांना बोलून मागणी देणेच सोयीचे वाटते. पैसे भरण्याचा कोड मागणी निश्चित झाल्यावर पाठवावा किंवा विक्रीच्या टेबलावर ठेवावा. त्या कोडवर कोणी दुसऱ्या खात्याचा स्टिकर चिकटवलेला नाही ना, हे रोज दुकान मांडताना पाहावे आणि पैसे भरण्यापूर्वी पडद्यावर गटाचेच नाव दिसते का, हे पाहण्यास ग्राहकाला सांगावे. गटातील सर्व सदस्यांना हेही सांगून ठेवावे की आपल्या खात्यात पैसे येण्यासाठी आपल्याला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ असे जो म्हणेल, तो पैसे काढून घेण्याच्याच बेतात आहे.

प्रश्न : नागपुरात माझे शिकवणी वर्ग आहेत. वर्तमानपत्रातून टाकलेली पत्रके आणि शाळांबाहेर वाटलेली पत्रके यांतून किती पालक आले, हे कोडवरून कळेल का?

उत्तर : काही अंशी कळेल. दोन्ही पत्रकांसाठी आपल्या संकेतस्थळावर दोन वेगळे छोटे पत्ते ठेवावेत, त्यांचे वेगवेगळे कोड छापावेत आणि दोन्ही पत्ते एकाच पानाकडे वळवावेत. मोजणीसाठी पत्त्याच्या शेवटी जोडायची सांकेतिक शब्दांची लांबलचक शेपूट कोडमध्ये न घालता वळवतानाच जोडावी, म्हणजे कोड विरळ राहील. मिळणारा आकडा मात्र पान किती वेळा उघडले याचा असतो. एकच पालक तीनदा पान उघडू शकतो आणि दुसरा पत्रक वाचून कोड न उघडता थेट वर्गात येऊ शकतो. म्हणून प्रवेश अर्जावर ‘आमची माहिती कोठून मिळाली?’ हा रकाना कायम ठेवावा. कोडमागच्या पानावर पालकांचे नाव आणि क्रमांक मागणार असाल, तर ते कशासाठी हवे आहेत हे तेथेच मराठीत लिहावे आणि संमती घेतल्याशिवाय त्या क्रमांकांवर संदेश पाठवू नयेत.